कुंभाराची वळशाची वाट

पुष्कळ वर्षांपूर्वी, गाढवं अजून माणसांशी बोलत त्या काळी, एका गावात एक कुंभार राहत होता. कामात पटाईत, पण एकदा त्याला अवदसा आठवली. तडा गेलेला रांजण त्याने लाखेने बुजवला, वरून गेरू फासला आणि गावातल्या एका म्हातारीच्या गळ्यात मारला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने तिची गल्ली टाळली. मग तिच्या बहिणीची आळी टाळली. म्हातारी पाण्याला येते म्हणून विहीर सोडली. रविवारी ती पहिल्या रांगेत बसते म्हणून चर्चही सोडलं. घर, तळं आणि भट्टी, एवढंच उरलं, तेही गावाला वळसा घालून. सात वर्षं गाढवाने त्याच वाटेने माती वाहिली.

मग लेकीला मुलगी झाली. लेक म्हणाली, "बाबा, रविवारी बाप्तिस्मा आहे. बाळाला तुम्हीच घेऊन उभं राहायचं."

नातीला मिरवायची हौस केवढी! पण पहिल्या रांगेत म्हातारी!

तळ्याकाठी तो डोकं धरून बसला. "सगळ्या वाटा बंद झाल्या रे!"

गाढव म्हणालं, "मालक, मी तर एकही बंद केली नाही. आणि गाढव मात्र मला म्हणता!"

कुंभाराला आधी हसू आलं, मग रडू. तिथेच चिखलात गुडघे टेकून तो म्हणाला, "प्रभू, मी लबाडी केली, वर सात वर्षं तोंड लपवलं. क्षमा कर, आणि माघारी फिरायचं बळ दे." त्याचं मन हलकं झालं. घरातला सगळ्यात चोख रांजण गाढवावर लादून तो थेट म्हातारीच्या दारात गेला.

"आजी, तो रांजण तडकलेला होता. मला माहीत होतं. माझं चुकलं."

"मलाही माहीत होतं रे! पहिल्याच दिवशी त्यातून गळलेल्या पाण्याने माझी चूल विझली. माफ तर मी तुला तेव्हाच केलं. पण सांगू कुणाला? तू दिसशील तर ना! आता हा भरून दाखव."

कुंभाराने विहिरीचं पाणी आणून रांजण काठोकाठ भरला. दोघं टक लावून बसली. एक थेंब गळला नाही.

रविवारी कुंभार नातीला घेऊन पुढे उभा राहिला. नात भोकांड पसरून रडत होती, म्हातारी पहिल्या रांगेतून दटावत होती, "अरे, मान धर तिची!" आणि कुंभाराला हसू आवरत नव्हतं. घरी जाताना तो नातीला घेऊन गावातल्या एकूण एक गल्लीतून फिरला.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, आपणच पाडलेल्या चाकोरीतून सुटायचं असेल, तर प्रभूपुढे चूक कबूल करावी आणि ती निस्तरायला त्याच पावली निघावं.