अकरा खुर्च्या

"मग हे अकरा जण गेले कुठं?"

वर्तक सरांनी तिसऱ्यांदा विचारलं. मूतखडे काढण्यात त्यांची हयात गेली होती. समोर उभा होता त्यांचा शिष्य, डॉ. निनाद. पाठीला एवढंसं भोक पाडून, दुर्बिणीतून त्यानं शंभर जणांचे खडे काढले होते. त्यातले सत्त्याण्णव बरे. रविवारी हा निबंध परिषदेत वाचायचा होता, त्यामुळे आठवडाभर स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"सर, ते फेरतपासणीला आलेच नाहीत."

"बरं. मग?"

"आले नाहीत म्हणजे त्रास नाही. म्हणून बरे धरले."

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. शिकल्यासवरल्या माणसाला काय सांगायचं!

"फोन स्पीकरवर लाव. त्या अकरांतलं पहिलं नाव."

बशीर मोमीन, इचलकरंजीचे, यंत्रमागावर काम करणारे.

"चाचा, मी डॉक्टर निनाद. तब्येत कशी आहे?"

"झकास! आपरेशन एक नंबर झालं बघा. चार जणांना तुमचा पत्ता दिलाय."

निनाद फुलला. सरांनी फोन त्याच्या हातातून ओढून घेतला.

"चाचा, लघवीला कसं होतंय?"

"आग होती जरा. कधी लाल होती. सात म्हयनं झालं. आपरेशन म्हटल्यावर एवढं चालायचंच की."

"आत नळी ठेवली होती, ती महिन्यानं काढून घेतलीत का?"

"कसली नळी वो?"

निनादचा चेहरा उतरला. "सर, घरी सोडताना कार्डावर लिहिलं होतं."

"कुठल्या भाषेत?"

"इंग्रजीत, सर."

"चाचा, असाल तसे निघा," सर फोनवर म्हणाले.

दुपारी चाचा आले. एक्स-रे काढला. नळीवर टोकापासून टोकापर्यंत नवे खडे चढले होते. सोनोग्राफीत मूत्रपिंड सुजलेलं दिसलं. ते वाचेल की काढावं लागेल, आज कुणीच सांगू शकत नव्हतं. एवढा हुशार मुलगा, हातात एवढी कला, आणि चूक ही! नुसता संताप येतो.

निनादनं घसा साफ केला. "सर... मग मी शहाण्णव लिहितो."

सर उठले आणि एकेक खुर्ची ओढत व्हरांड्यात मांडू लागले. अकरा मांडल्या. पहिलीवर चाचांना बसवलं.

"बाकीच्यांना मघाशीच फोन लावले, सर. लागत नाहीत."

"गावं माहीत आहेत ना? जाऊन घेऊन ये."

"आहेत. पण सर, परवा रविवार! मला निबंध वाचायचाय!"

"वाच की," सर म्हणाले. "आधी ह्या दहा खुर्च्यांना वाचून दाखव."