गारुळवाडीचा राहिलेला टोला

गारुळवाडीच्या वरच्या माळाला कुंपण नाही. आसपास कुंपण नसलेली तेवढी एकच जमीन उरली आहे, म्हणून पाहुण्यांना ती ओसाड वाटते. माळाच्या टोकाला बिरोबाचे देऊळ आहे. चैत्रातल्या जत्रेला पाच वाड्यांचे धनगर तिथे गजी नाचतात. पांढरे अंगरखे, पायांत चाळ, दोन्ही हातांत रंगीत रुमाल आणि मध्ये ढोल-सनई. चाल पाचही वाड्यांची मुळात एकच, पण प्रत्येकीची वळणे वेगळी. चार वाड्यांची चाल ढोलाच्या शेवटच्या टोल्यावर संपते. गारुळवाडीची संपतच नाही. ढोलवाला शेवटच्या टोल्यासाठी टिपरू वर उचलतो, नाचणाऱ्यांचे रुमाल वर जातात आणि सगळे तसेच रिंगणाबाहेर चालू लागतात. जिल्ह्याच्या स्पर्धेत परीक्षक दरवर्षी ‘सादरीकरण अपूर्ण’ असा शेरा मारून त्यांचे गुण कापतात. परीक्षकांचे बरोबरच आहे. ते अपूर्णच आहे.

का, ते देवळाचे पुजारी हालाप्पा पायरीवर बसून सांगतात.

फार मागे खालच्या गढीवर एक देशमुख होता म्हणे. त्याचे नाव हालाप्पा घेत नाहीत. घेतले की घरातले दूध नासते, असे त्यांचे म्हणणे. दुष्काळाचे दुसरे वर्ष चालू होते. माळ पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांचा, पण देशमुखाने त्याला काट्यांचे कुंपण घातले. गवताची त्याला गरज होती असे नाही. दुसऱ्याला आहे, एवढे त्याला पुरेसे होते. मेंढरे कुंपणाबाहेर उभी राहून आतल्या वाळल्या गवताकडे बघत मरू लागली. गारुळवाडीचा ढोलवाला धुळा रोज सकाळी मेलेली कोकरे ओढून नेई. तो मुळातच तापट. त्या दिवसांत तो कोणाशी बोलेनासा झाला.

जत्रेला देशमुख दर्शनाला आला. गजीचा म्होरक्या सिधू, धुळाचा थोरला भाऊ, त्याच्या पाया पडला.

“सरकार, पाऊस पडंपातूर तरी माळ उघडा.”

देशमुखाभोवती हसणारी माणसे होती. अशी माणसे प्रत्येक गढीला असतात. त्यांच्याकडे एकवार बघून तो म्हणाला, “नाचा की मग. गजी चाललीय तोवर चरू देत मेंढरं. शेवटचा टोला पडला की माळ माझा. बिरोबाचा भंडारा हातात हाय, शब्द फिरवायचा न्हाई.” आणि त्याने मूठभर हळद उधळली. सगळे पोटभर हसले.

काटे बाजूला झाले. मेंढरे आत घुसली. धुळाने ढोल गळ्यात अडकवला.

ऊन डोक्यावर होते. चाल शेवटाला येई आणि धुळा ती तशीच वळवून पुन्हा आरंभाला नेई. एकेक नाचणारा थकून बसला, पण सिधू थांबला नाही. त्याच्या पायांची कातडी तापल्या खडकाला चिकटून निघत होती. देशमुख सावलीत पान खात म्हणाला, “म्हातारा बरा नाचतोय की!” धुळाने ते ऐकले. ऊन कलताना सिधू तोंडावर पडला, दोन्ही मुठींत रुमाल तसेच. तो उठला नाही.

रिंगणात माणूस गेला तर ढोलवाल्याने लगेच चाल पुरी करायची, अशी रीत होती. शेवटच्या टोल्याशिवाय मेलेल्याचे पाय थांबत नाहीत, असे समजत. धुळाने टिपरू उचलले.

“मार आता,” देशमुख म्हणाला. “मोकळा कर त्याला.”

धुळाने भावजयीकडे पाहिले. बाणाईने नवऱ्याचे डोके मांडीवर घेतले होते.

“वैनी, दादाचं पाय...”

“न्हाई थांबलं तरी चालंल,” बाणाई म्हणाली. “मेंढरांचं थांबाय नगं. उचललेला हात खाली आणलासा, भावजी, तर माझ्या दारात येऊ नगा.”

धुळाने टिपरू कमरेला खोचले.

“सरकार, शेवटचा टोला राहिलाय. पडला की कळवतो.”

देशमुखाने मग इतर चार वाड्यांचे ढोलवाले गढीवर बोलावले. चाल एकच आहे, तर कोणीही संपवावी, असा त्याचा हिशेब. चौघांनी वाजवले. पण एकाने आरंभीच दोन टोले वाढवले, एकाने मधली गिरकी उलटी फिरवली, एकाने लय निम्म्यावर आणली, चौथ्याने सनईलाच पुढे काढले. आणि शेवटचा टोला मारून प्रत्येकाने हात जोडले, “ही आमच्या वाडीची चाल, सरकार. गारुळवाडीची न्हवं.” देशमुखाला चार चाली ऐकायला मिळाल्या, माळ मिळाला नाही.

मोठ्या माणसांच्या शब्दाला जशी मुदत असते तशी त्याच्याही शब्दाला होती. पंधरवड्यात त्याने पुन्हा कुंपण घालायला गडी पाठवले. तिन्हीसांजेला मोकळ्या माळावर चाळ वाजू लागले, नाचणारा मात्र दिसेना. गडी काट्यांचे भारे टाकून पळाले. हे खरे का, असे कोणी विचारले तर हालाप्पा म्हणतात, “गडी पळालं एवढं खरं. का पळालं ते त्येंना इचारा.”

पुढे देशमुख मेला. लोक धुळाकडे आले. म्हणाले, आता राग सोड, टोला मार, भावाला मोकळा कर.

“त्याचं पोरगं हाय न्हवं गढीत?” धुळाने विचारले.

“हाय की.”

“मग ऱ्हाऊ दे.”

धुळा मेला तेव्हा टिपरू हातातून सुटेना म्हणून त्याला तसेच पुरले, असे सांगतात.

आजही गारुळवाडीची गजी उचललेल्या हातावरच थांबते आणि सिधूचे चाळ तिन्हीसांजेला माळावर ऐकू येतात. यंदा जत्रेच्या आधी कसल्याशा योजनेची माणसे येऊन माळ मोजून लोखंडी खुंट्या ठोकून गेली. त्यांचे साहेब जत्रेला आले होते. त्यांना खुर्ची दिली, नारळ दिला. रुमाल वर गेले, ढोल गप्प झाला. साहेबांनी घड्याळ बघत विचारले, “संपलं का?”

“न्हाई साहेब,” हालाप्पा म्हणाले. “शेवटचा टोला राहिलाय. पडला की कळवतो.”

साहेब हसले. हालाप्पा हसले नाहीत. माळावर मेंढरे खुंट्यांच्या मधून चरत होती.