मागच्या चाकाचा तोल

फार पूर्वी, चाकांना अजून बोलता यायचं तेव्हा, केतकीच्या डोंगरी सायकलीचं मागचं चाक पार थकून गेलं होतं. पुढचं चाक हवेत उचलून एकट्या मागच्या चाकावर सायकल चालवायला केतकी माळावर शिकत होती आणि रोज पाठीवर आपटत होती.

"आणखी वर!" पुढचं चाक ओरडायचं. "तो मागचा ब्रेक तुला शिवला की मला खाली यावं लागतं. त्याला जवळ येऊ देऊ नकोस!"

मागचं चाक बिचारं ऐकायचं. केतकीनं ब्रेक दाबला की अंग चोरून निसटायचं. मग पुन्हा सगळेच धुळीत.

शेवटी एका संध्याकाळी ते हळूच म्हणालं, "ब्रेकदादा, आता त्राण नाही उरलं. तोल गेला की जरा धरशील का मला?"

"तेवढ्यासाठीच तर इथे बसलोय," ब्रेक म्हणाला. "तुला वाटायचं, मी आडवा येतो."

त्यानंतर सायकल मागे कलंडू लागली की ब्रेक चाकाला अलगद धरायचा आणि लगेच सोडायचा. एके दिवशी केतकी एकट्या मागच्या चाकावर माळाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचली.

"पाहिलंत? माझ्या एकट्याच्या जिवावर!" पुढचं चाक वरून ओरडलं.

मागचं चाक नुसतं फिरत राहिलं. उत्तर द्यायचं तर तोल सोडावा लागला असता.