आबासाहेबांचा झोपाळा

आबासाहेब इनामदारांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून घर आतून लख्ख करायचं ठरलं. भिंतींना चुना लागला आणि जमीन सारवायला हौसाक्का शेणाची बादली घेऊन आली. माजघरात मधोमध आबासाहेब झोपाळ्यावर मांडी घालून बसलेले.

"सरकार, जरा उठता का?"

"मी कुणासाठी उठत नसतो. आणि ऐकून ठेव, ओल्या जमिनीवर ज्याचं पाऊल उमटेल, त्यानं सगळं घर पुन्हा सारवायचं. मग तो कुणी का असेना."

"बरं," म्हणून हौसाक्कानं झोपाळ्याखालून सुरुवात केली आणि सारवत सारवत, मागं सरकत ती थेट उंबरठ्याबाहेर गेली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून कांदाभज्यांचा वास सुटला. आबासाहेबांनी एक पाय खाली सोडला, ओली जमीन पाहिली आणि पाय पुन्हा वर घेतला. दाराआड बायका पदर तोंडात कोंबून हसू लागल्या.

"हौसे, आता मी उतरू कसा?"

हौसाक्कानं उरलेल्या शेणाची बादली उंबरठ्यावर ठेवली.

"खुशाल उतरा, सरकार. फक्त धोतर वर खोचून उतरा, म्हणजे लगेच सारवायला बसता येईल."