माळ्यावरचं पोर

लई जुनी गोष्ट हाय. इतकी जुनी की तवा तुमच्या आज्ज्याच्या आज्ज्यालाबी मिसरूड फुटलं नव्हतं. हसू नगा, त्योबी कवातरी बारका व्हताच की.

तवा दोन राजं भांडत व्हतं. कशापायी, ते त्यांनाबी ठाव नव्हतं. मोठी मानसं सरली तशी त्यांनी लढायला पोरं धरून नेली. एका गावातनं असंच एक पोर नेलं. लढाई सरल्यावर ते माघारी आलं, तवा आईबाप मरून गेलं व्हतं, आन् पोराच्या हाताला गोफनीच्या दोरीनं घट्टं पडलं व्हतं.

पोर कुनाशी बोलंना. भांडं पडलं की भिताडाला चिकटायचं. गावच्या पाटलाला वाटलं, ह्येला कायतरी मान द्यावा. त्यानं पोराला जोंधळ्याच्या रानात उंच माळ्यावर चढवलं. म्हनला, "नेम चांगला हाय तुजा. पाखरं राख."

पोरानं अशी राखन केली की चिमन्या वळसा घालून शेजारच्या गावाला जेवायला जाऊ लागल्या. गावाच्या कनग्या भरल्या. लोक जाता-येता खालनं वरडायचं, वाघ हाय आमचा! वाघ मातुर वर डोळं तानून बसलेला. त्येची भाकरबी शिडीवरनं वरच जायाची.

गावात एक म्हातारी सुईन व्हती. पोराची नाळ तिनंच कापलेली. ती पाटलाला म्हनली, "त्येला खाली आन. माज्या घरी ऱ्हाईल. लेकरानं पाखरांमागं पळावं, पाखरांवर नेम धरू नये."

लोक हसलं. म्हनलं, म्हातारीला शेरडं राखायला फुकटचा गडी पायजे.

मग एकदा पोरानं सोताच इचारलं, "पाटील, मी खाली यिऊ का?"

"सुगी हू दे की बाळा," पाटील म्हनला.

सुगी झाली. मग हरभरा आला. हरभरा गेला, मका आला. रानात कायतरी असतंयच. पोरानं परत इचारलं न्हाई.

फिरून हुरडा आला. पाटलाच्या धाकट्या लेकीला माळ्यावरच्या दादाचं भारी कवतिक. ती परकराच्या वट्यात गरम हुरडा घिऊन जोंधळ्याच्या ताटांच्या आतनं गुपचूप निघाली. दादाला भ्या दावायचं आन् हुरडा द्यायचा, एवढीच तिची खोडी.

ताटं हालली. पोराला जोंधळा दिसलाच न्हाई. त्येला लढाई दिसली. गोफन फिरली.

पोरगी वाचली, पर एक डोळा गेला.

पाटील काठी घिऊन धावला. पोर आपनहून शिडी उतरलं आन् मार खायाला मान खाली घालून हुबं ऱ्हायलं. सुईन मधी आली.

"मार की," ती म्हनली. "पर आदी सांग, ह्यो खाली येतो म्हनला तवा तू काय म्हनलास?"

काठी पाटलाच्या हातातच ऱ्हायली.

म्हातारीनं पोराला घरी नेलं. तिच्या मांडीवर डोस्कं ठिवून ते हळूहळू झोपायला शिकलं. तिच्या बोळक्या तोंडाकडं बघून एकदा चक्क हसलंबी. गावानं माळा मोडून चुलीत घातला, पर तवा लई उशीर झाला व्हता. पाटलाची लेक वाटंत भेटली की "दादा" म्हनून हाक मारायची, आन् ते पोर आपलं दोन्ही हात पाठीमागं लपवायचं. म्हातारं झालं तरी लपवायचं.

म्हनून म्हनतो, लढून आलेल्या लेकराच्या नेमाचं कवतिक करू नये. आदी त्येच्या हातातली गोफन सोडवावी.