एक टोपली लालथर

"एकच टोपली काढली तर काय दर्या आटतलो, बुवा?"

बाबलबुवा खोपीच्या दारात बसून रिकाम्या होत आलेल्या मडक्याचा तळ बोटानं पुसत होते. बोटाला थोडी पांढरी भुकटी लागली, ती त्यांनी पानावर झटकली. पुन्हा बोट मडक्यात घातलं.

न्हानूला राग आला. दोन वर्षांत त्याला कुणाकडे एक गोष्ट दोनदा मागावी लागली नव्हती.

"चेडवासाठी मागतंय," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणासाठी नाय."

त्याची लेक शेवंता तीन वर्षांची झाली होती आणि अजून उभी राहत नव्हती. भिंतीला धरून उभी केली की पाय बाहेर वाकत आणि ती मुकाट्यानं खाली बसे. रडायचीसुद्धा नाही. न्हानूला तेच सोसत नसे. डॉक्टर त्या काळी तालुक्यालाही नव्हता. होती ती बुवांची भुकटी.

ती व्हायची लालथराची. लालथर म्हणजे समुद्राच्या तळाशी खडकावर चढणारं शेवाळ, पण हाताला लागतं दगडासारखं. जिवंत असतं तोवर तांबूस, मेलं की पांढरं. पावसाळ्यातल्या उधाणाच्या लाटा मेलेले खडे किनाऱ्यावर आणून टाकत. बुवा ते वेचत, उन्हात वाळवत, कुटत आणि हाडं कच्ची असलेल्या पोरांना, बाळंतिणींना चिमूट चिमूट देत. कुणाच्या शेतात भात पिवळं पडायला लागलं तर तिथेही मूठभर. अटी दोनच. वाळूवर येईल तेवढंच उचलायचं, त्यातलं निम्मं तिथेच ठेवायचं. पाण्यात हात घालायचा नाही.

बुवांचे गुडघे धरले तेव्हा वेचायचं काम न्हानूकडे आलं. पट्टीचा पोहणारा गडी. त्याला ही वेचणी म्हणजे म्हाताऱ्यांचा पोरखेळ वाटे. एवढा तांबडा थर पाण्याखाली पसरलाय आणि आपण वाळूत खडे शोधत बसायचं? माघातल्या निवांत पाण्यात तो पहार घेऊन बुडी मारू लागला. थर फोडायचा, होडीत भरायचा, पलीकडच्या बेटावर वाळत घालायचा. आठ दिवसांत तांबड्याचं पांढरं होई. मग कोण ओळखतंय?

पूर्वी अकरा घरांना पुरत नसे ते आता चार गावांना पुरू लागलं. शेळ्यांना, माडांना, वाफ्यांना... ज्यानं मागितलं त्याला मिळालं. लोक न्हानूला वाटेत थांबवून हात जोडत. आणि खरं सांगायचं तर त्याची छातीही दोन बोटं फुगली होती.

यंदा श्रावण गेला, भादवा गेला, दिवाळी गेली. वाळूवर एक खडा आला नाही.

"आसा खय?" बुवांनी विचारलं.

"कासवखडकाच्या पोटात. तेवढोच एक थर उरलो आसा."

"आणि बाकीचो?"

न्हानूनं नजर समुद्राकडे वळवली. समोर ओहोटी लागली होती. कोळीण एखादी टोपली घेऊन जावी तर तीही दिसेना. दोन वर्षांपूर्वी याच वेळी खडकातून थराला धरून वाढणाऱ्या शिंपल्या काढायला बायकांची झुंबड असे.

"बाकीचो खय गेलो, न्हानू?"

"...तुमका म्हायत होता?"

"पयल्याच टोपलीपासून."

न्हानूनं कशीबशी मान वर केली. बुवांच्या तोंडावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"कसा कळला?"

"लाटांनी लोळवलेलो खडो गुळगुळीत येता. तुझे खडे बोटाक लागत." बुवांनी अंगठा पुढे केला. त्यावर जुनी चिरलेली रेघ होती.

"मगे बोललात नाय कित्याक? थयच थांबवचा होता माका."

बुवा पानावरची भुकटी बोटानं गोळा करत राहिले...

"चार गावची माणसां येऊन हात जोडी होती," ते म्हणाले. "माका बरा वाटला."

आयुष्यभर ज्याच्या शब्दाला न्हानू मान देत आला, त्या माणसानं त्याच्यासारखंच मूग गिळून हे होऊ दिलं होतं. त्याला रडू आलं आणि आपण कुणासाठी रडतोय हेही कळेना.

बुवांनी पानाची पुडी बांधली. त्याच्या हातात ठेवली.

"तिका दी. शिमग्यापर्यंत पुरतली."

"आणि शिमग्यानंतर?"

बुवा भिंतीचा आधार घेत उठले. आत गेले. आले ते दगडी डोणी ओढत, हिसके देत, पाणी सांडत. न्हानू मदतीला उठला तर त्यांनी हातानंच त्याला बसवलं.

डोणीत समुद्राचं पाणी होतं. तळाशी मुठीएवढा एक तुकडा.

"तुझ्या पयल्या टोपलीतलो हो एक. ती नीट सुकली नव्हती, हो ओलो होतो. रोज भरतीचा पाणी घालतंय."

न्हानू वाकून बघू लागला. एका बाजूला पहारेचा घाव तसाच होता. घावाच्या कडेनं नखाच्या कोरीएवढी नवी, कोवळी, तांबूस कड आली होती. दोन वर्षांत तेवढीच. त्यानं मुठीएवढ्या त्या तुकड्याची वर्षं मोजायला घेतली, मग आपण भरून नेलेल्या होड्या आठवल्या, आणि मोजणं सोडून दिलं.

बुवा पुन्हा आत गेले. या वेळी खल आणि बत्ता घेऊन आले. खल त्याच्यासमोर ठेवला. पाण्यात हात घालून तुकडा काढला आणि खलात ठेवला. त्यातून पाणी ठिबकत होतं.

"टोपलीच व्हयी ना तुका? हेच्यापासून सुरू कर. कूट हेका."

न्हानूनं बत्ता उचलला.

घरी शेवंता भिंतीशी बसलेली असेल. बापाची वाट बघत असेल. शिमगा तीन महिन्यांवर होता. एवढ्या तुकड्याची भुकटी तिला आणखी वर्षभर जाईल, कदाचित तेवढ्यात ती पहिलं पाऊलही टाकील. कुणी दोष दिला नसता. बुवा स्वतःच सांगत होते.

खलातल्या तुकड्यावरची तांबूस कड उन्हात ओली चमकत होती. न्हानूचा हात वरच राहिला.

बुवा समुद्राकडेही बघत नव्हते, त्याच्याकडेही नाही.

"बुवा..." न्हानूनं विचारलं. "हो अजून जिवंत आसा?"

"ह्या इचारूक तुका दोन वर्सां लागली."