तिसऱ्या बेसच्या मागचा माणूस

जिल्ह्यातला बेसबॉलचा आजवरचा सर्वांत थोर तिसरा बेसमन कोण, यावरून क्लबच्या मेळाव्यात वाद पेटला. अध्यक्ष भाऊसाहेब खोडके छाती फुगवून म्हणाले, "वाद कसला? बारा वर्षं तिसऱ्या बेसवर मी होतो. एक चेंडू मागे जाऊ दिला नाही!"

गुणवंत इंगोले काठी टेकत उठले. ती बारा वर्षं भाऊसाहेबांच्या मागे, मैदानाच्या टोकाला तेच उभे असत.

"मग भाऊसाहेब, माझे गुडघे कशामागे धावून झिजले?"

सभागृह खदखदून हसलं. भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. "गुणवंता, तेव्हाच का नाही बोललास?"

बोललो ते उगाच, असं गुणवंतरावांना वाटून गेलं.

"तेव्हा पाय चालत होते, भाऊ. तुझ्या हातून सुटलेलं सगळं मला गाठता येत होतं."